छप्पन्नावं गाणं

आठवड्याला एक गाणं, वर्षाची गाणी बावन्न. मग गीतरामायणात ५६ गाणी कशी? यामागे माडगूळकरांची हौस नव्हती की आकाशवाणीची मुदतवाढ. जास्तीची चार गाणी आली ती धोंड्याच्या महिन्यामुळे.

पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी कार्यक्रम योजला, ग. दि. माडगूळकरांनी लिहिला आणि सुधीर फडक्यांनी चाली बांधल्या. पहिलं गाणं १ एप्रिल १९५५ रोजी, शुक्रवारी सकाळी लागलं. दिवस रामनवमीचा होता आणि सांगताही रामनवमीलाच झाली. चांद्रवर्ष एरवी ३५४ दिवसांचं असतं. तेवढ्यात ५१ शुक्रवार आणि वर सांगतेचा दिवस, म्हणजे ५२ गाण्यांत काम भागलं असतं. पण शके १८७७ मध्ये भाद्रपद अधिक आला आणि नवमी ते नवमी हे अंतर ३८४ दिवसांवर गेलं. आता शुक्रवार मोजा: १३ एप्रिल १९५६ पर्यंत ५५ होतात. छप्पन्नावं गाणं १९ एप्रिलचं, वार गुरुवार, तिथी रामनवमी. हिशेब चोख बसतो. अलीकडे २०२३ साली अधिक श्रावण आला होता, तेव्हाही रामनवमी ३० मार्चवरून थेट पुढच्या वर्षीच्या १७ एप्रिलला गेली. तेही ३८४ दिवसच. धोंड्याच्या महिन्यात आपण लग्नमुंज करत नाही, मराठी गाण्याला मात्र त्या महिन्याने भरभरून दिलं.

पण रामकथेला दिवस रामनवमीचाच हवा, हे ठरवलं कोणी? त्यासाठी रेडिओच्या फार मागे, गोदाखोऱ्यात जावं लागतं. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तेच पुढे समर्थ रामदास. देव आणि भक्त एकाच तिथीचे, त्यामुळे जांबेत त्या दिवशी दोन जन्मोत्सव असतात. रामदासांनी स्वतः सुंदरकांड आणि युद्धकांड मराठीत रचलं. त्यांच्या आधी वर पैठणला एकनाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतलं होतं. युद्धकांडात ते थांबलं आणि पुढचं शिष्य गावबाने पुरं केलं. रामकथा मराठीत आणायची ओढ या खोऱ्याला जुनीच आहे.

ही कथा लोकांपर्यंत नेली कीर्तनकारांनी. रामनवमीचं कीर्तन घड्याळाशी बांधलेलं असतं. बुवा सकाळी उभे राहतात, पूर्वरंग आटोपतात, आख्यान लावतात आणि एक डोळा उन्हावर ठेवून कथा पुढे नेतात, कारण बाराच्या ठोक्याला जन्म व्हायलाच हवा. लवकर पोचले तर एखादं पद वाढवायचं, उशीर होत असेल तर दशरथाचा यज्ञ दोन ओव्यांत उरकायचा. बारा वाजले की गुलाल उधळतो, फुलं पडतात, बायका पाळण्याची दोरी धरतात आणि मग हातावर सुंठवडा येतो. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते, तरी त्या क्षणाला देऊळ गजबजून उठतं.

माझ्या मते गीतरामायणाचा साचा हाच. ठाऊक असलेली कथा, तिचे पदांत पाडलेले तुकडे आणि तिथीला बांधलेला आरंभ आणि शेवट. लव-कुश रामासमोरच रामाची कथा गातात, ही माडगूळकरांनी घेतलेली चौकट वाल्मीकींची. पण एकेक पात्र पुढे येऊन आपलं मन गाण्यातून उघड करतं, ही रीत कीर्तनाच्या आख्यानातली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात आले.

रामजन्माच्या गाण्याची एक आठवण सांगतात. माडगूळकर रात्री बराच वेळ कागदापाशी बसून होते, मनासारखं उतरत नव्हतं. घरातून विचारणा झाली, तेव्हा ते म्हणाले की, रामच जन्माला यायचा आहे, वेळ लागणारच. बुवांना बाराचा ठोका सांभाळावा लागतो, कवीला शुक्रवार. आज कितीतरी देवळांत बाराच्या पाळण्याला तेच गाणं म्हणतात. देवळाकडून घेतलेलं रेडिओने देवळाला परत केलं.

हे सारं घडलं त्या वर्षी जांब मात्र पुण्याच्या राज्यात नव्हतं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला, छप्पन्नाव्या गाण्यानंतर सहा महिन्यांनी. जालना जिल्हा तर १ मे १९८१ चा.

हल्ली वर्धापनदिनाच्या बातम्या १ एप्रिलला छापून येतात. तारखेची सोय मला कळते, पण ज्या कलाकृतीची लांबीच पंचांगाने ठरवली, तिचा वाढदिवस इंग्रजी तारखेला करणं मला पटत नाही. २०३० साली गीतरामायणाला ७५ वर्षं पुरी होतील. सोहळे पुण्या-मुंबईत होतीलच. एक तरी कार्यक्रम चैत्र शुद्ध नवमीला जांबेत व्हावा, सकाळी सुरू होऊन बाराला जन्माच्या गाण्यापाशी पोचणारा.