रो मेसॉनचे वस्तुमान : पंधरा वर्षांच्या एका वैज्ञानिक वादाचा इतिहास (१९९१–२००६)

१/ वस्तुमान ही कणाची कायमची ओळख, असे आपण धरून चालतो. पण १९९१ साली दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले की, अणुकेंद्रकासारख्या दाट द्रव्यात काही कण चक्क हलके होतात. हे खरे की खोटे, याचा निवाडा करणारे मोजमाप हाती यायला पंधरा वर्षे लागली. त्या वादाचा हा धागा.

२/ आधी पार्श्वभूमी. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान एकत्र केले, तरी प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम शंभरावा भाग भरतो. उरलेले येते ते क्वार्कांना बांधणाऱ्या प्रबळ बलातून. शिवाय या बलाच्या दृष्टीने निर्वात पोकळी रिकामी नसते. क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांनी ती भरलेली असते.

३/ उष्णता किंवा घनता वाढली की पोकळीतला हा भरणा विरळ होतो. मग त्याच्याशी निगडित असलेल्या कणांच्या वस्तुमानाचे काय होईल? अमेरिकेतील जेराल्ड ब्राउन आणि फ्रान्समध्ये काम करणारे मान्क्यू रो यांचे १९९१ चे उत्तर सरळ होते : तेही घटेल. १९९२ मध्ये हात्सुदा व ली यांनी वेगळ्या पद्धतीने गणित मांडले. सामान्य केंद्रकाच्या घनतेला ही घट सुमारे १८ टक्के निघाली.

४/ पारखायचे कसे? त्यासाठी निवड झाली ‘रो मेसॉन’ या कणाची. (शास्त्रज्ञाचे आडनाव आणि कणाचे नाव जुळले, हा निव्वळ योगायोग.) त्याचे वस्तुमान सुमारे ७७० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे प्रोटॉनच्या साधारण चार-पंचमांश. आयुष्य इतके अल्प की तो उष्ण द्रव्याबाहेर पडण्यापूर्वीच बहुधा आत विघटित होतो.

५/ बहुतेक वेळा त्यातून दोन पायॉन निघतात, पण ते बाहेर येताना धडकत येतात आणि आतली वार्ता पुसली जाते. साधारण वीस हजारांत एकदा मात्र इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते. या जोडीला प्रबळ बल जाणवतच नाही. ती आतला निरोप जसाच्या तसा बाहेर आणते. हे विरळ साक्षीदार टिपणे, हेच प्रयोगकर्त्यांपुढचे काम होते.

६/ जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत हान्स श्पेख्ट यांच्या पुढाकाराने ‘सेरेस’ प्रयोग उभा राहिला. १९९५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सोन्यावर नुसते प्रोटॉन आदळले, तेव्हा जोड्यांची संख्या अपेक्षेप्रमाणेच होती. गंधकाची केंद्रके आदळली, तेव्हा ती सुमारे पाचपट निघाली. आणि वाढ होती ती रो मेसॉनच्या नेहमीच्या वस्तुमानाच्या खालच्या बाजूला!

७/ ब्राउन यांच्या पक्षाला हा विजय वाटला. ली, को आणि ब्राउन यांनी हलक्या झालेल्या रो मेसॉनने ही वाढ समजावून दिली. पण राप, शानफ्रे आणि वाम्बाख यांनी दुसरा अर्थ लावला : वस्तुमान घटत नाही, दाट द्रव्यात सतत धडका बसल्याने ते एका जागी स्थिर न राहता दोन्ही बाजूंना पसरते.

८/ फरक तानपुऱ्यावरून समजेल. तार सैल केली तर स्वर खाली उतरतो. वाजत्या तारेवर हात टेकवला तर स्वर उतरत नाही, बोथट होऊन विरतो. रो मेसॉनची तार सैल झाली होती, की तिच्यावर हात पडला होता? सेरेसच्या आकड्यांत दोन्ही अर्थ बसत होते. मोजमापच तेवढे सूक्ष्म नव्हते.

९/ उत्तर दिले सर्नच्याच ‘एनए-६०’ प्रयोगाने. २००३ मध्ये इंडियमवर इंडियमची केंद्रके आदळवण्यात आली आणि या वेळी म्यूऑनच्या जोड्या मोजल्या गेल्या. म्यूऑन जाड अडसर ओलांडून येतात, त्यात त्यांची दिशा बिघडते. म्हणून लक्ष्याजवळच सिलिकॉनचे सूक्ष्म शोधक बसवून अडसरापूर्वीचा मार्ग टिपला गेला.

१०/ वस्तुमान मोजण्यातली अस्पष्टता सुमारे २० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत खाली आली. ओमेगा आणि फाय या शेजारच्या कणांची शिखरे सुटी दिसू लागली. ती वजा करता आली आणि रो मेसॉन एकटा उरला. हाती जोड्या होत्या साडेतीन लाखांहून अधिक.

११/ २००६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : रो मेसॉन खूप रुंदावला होता, पण त्याचा मध्य जागचा हलला नव्हता. तारेवर हात पडला होता. ब्राउन आणि रो यांनी हरकत घेतली की, तुलनेसाठी घेतलेले गणित हे त्यांच्या सिद्धांताचे खरे रूप नव्हे. तरीही ‘कण नुसता हलका होतो’ हे साधे चित्र उष्ण द्रव्यापुरते मागे पडले.

१२/ थंड केंद्रकांबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. जपानमधील केईके प्रयोगशाळेने २००६ मध्ये सुमारे ९ टक्के घट नोंदवली. अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेला २००७ मध्ये लक्षणीय घट आढळली नाही.

१३/ या इतिहासात कोणी खोटे बोलले नव्हते, कोणाचे आकडेही चुकले नव्हते. सेरेसची नोंद खरी होती. तिचे दोन अर्थ निघत होते, इतकेच. निवाडा करू शकेल असे उपकरण बांधेपर्यंत दोन्ही पक्षांना थांबावे लागले. श्पेख्ट स्वतः एनए-६० मध्येही होते : ज्यांच्या प्रयोगाने प्रश्न उभा केला, तेच उत्तर शोधण्यातही सहभागी झाले.

(समाप्त) शंका असल्यास खाली जरूर विचारा.