जुन्या चाकाचे मोल

कुंभाराचे जुने, वापरलेले चाक किती किमतीचे समजावे, हा प्रश्न आज बहुधा शहरातील दिवाणखान्याच्या सजावटीपुरता विचारला जातो. परंतु महाराष्ट्राच्या गावगाड्यात तो पिढ्यान्‌पिढ्या निराळ्या अर्थाने उभा राहात आला, आणि त्याचे उत्तर चाकाच्या लाकडात क्वचितच सापडत असे.

वस्तू म्हणून पाहिले तर देशावरचे चाक स्वस्तच. सुताराने केलेला मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि त्यांच्या टोकांभोवती मातीत केस किंवा तंतू कालवून चढविलेली जाड, जड कड. हा सारा डोलारा जमिनीत पुरलेल्या खुंट्याच्या अणीवर तोललेला असतो, आणि कडेजवळच्या खळग्यात दांडा घालून त्याला गती दिली की कडेच्या वजनामुळेच ती गती भांडे उठेपर्यंत टिकते. म्हणून जाणता कुंभार चाक पारखताना आऱ्यांच्या कोरीव कामाकडे पाहात नाही. चाक फिरवून कड एका बाजूस खालीवर होते काय, मातीला भेग जाऊन वजन सरकले आहे काय, आणि उलटे करून अणीची खोबण एकाच अंगाने झिजली आहे काय, एवढे तो पाहतो. जुनेपणा हा येथे दोष नव्हे. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून अणी आणि खोबण यांचा जो मेळ बसलेला असतो, तो नव्या चाकास मुद्दाम आणावा लागतो. मात्र खुंटा मागे ठेवून वरचे चाक तेवढे विकत आणले, तर त्या मेळाची किंमत शून्य होते.

या यंत्राच्या प्राचीनतेविषयी बोलताना सावध राहिले पाहिजे, कारण लाकूड आणि कच्ची माती मागे फारसे काही ठेवीत नाहीत. प्रवराकाठच्या जोर्वे येथे 1950-51 साली उत्खनन झाले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, टिचकी मारताच धातूसारखा नाद देणारी तांबूस भांडी हाती आली. ती चाकावरची होत, हे सांगणारे चाक कोठेही उभे नव्हते, भांड्यांच्या अंगावरील सूक्ष्म समांतर रेषाच तेवढी साक्ष देत होत्या.

खरे मोल होते ते वतनात. बारा बलुतेदारांत कुंभाराची गणना मधल्या ओळीत होई, आणि गावाला मडकी, रांजण, परळ पुरविण्याच्या मोबदल्यात सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा त्यास मिळे. हा हक्क वंशपरंपरेचा असे. भाऊबंदांत त्याच्या तक्षिमा होत, अडचणीत तो गहाण पडे, प्रसंगी विकलाही जाई, आणि तंटा झाला तर गोतसभेपुढे महजर होई. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या ‘गाव-गाडा’त हा व्यवहार साक्षेपाने, आणि काहीशा कठोरपणेही, नोंदविला आहे. अशा व्यवहारात चाकाला निराळा भाव लावणे म्हणजे जमीन विकताना बांधावरच्या दगडांचा हिशेब मागणे होय. ज्याच्याजवळ वतन नाही, अशा उपऱ्याचे चाक कितीही निर्दोष फिरो, खळ्यावर त्याला हक्काची पाटी मिळत नसे.

इंग्रजी अंमलात या प्रश्नाला आणखी एक वळण लागले. दिवाणी व्यवहारसंहितेच्या 1908 च्या कायद्यातील 60 व्या कलमाने कारागिराची हत्यारे जप्तीपासून मुक्त ठेवली. सावकाराने हुकूमनामा मिळविला तरी कुंभाराच्या धंद्याचे चाक बेलिफाला जप्त करून लिलावात काढता येईना. कर्जाच्या हिशेबात ते धरताच येत नव्हते. मला तरी चाकाच्या किमतीविषयी सरकारने घेतलेला हाच सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

त्याच सुमारास मात्र दुसरीकडून त्याचे मोल झपाट्याने उतरत होते. कुंभाराच्या उत्पन्नात नळीच्या कौलांचा भाग मोठा असे. चाकावर एक निमुळती नळी ओढून, ओली असतानाच तिला उभी चीर देऊन पुढे दोन कौले करीत. मंगळूर येथे बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रावर दाबलेल्या त्या सपाट, एकसारख्या कौलांनी हळूहळू कोकणातील व घाटमाथ्यावरील छपरे व्यापली. पुढे पितळ, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक यांनी स्वयंपाकघर घेतले. संक्रांतीची सुगडी, माठ आणि दिवाळीच्या पणत्या एवढे गिऱ्हाईक उरले.

2018 पासून खादी आणि ग्रामोद्योग आयोग विजेवर चालणारी चाके वाटीत आहे, त्यामुळे दांड्याचे चाक आता अनेक घरांत भिंतीशी टेकून उभे असते. असे चाक उचलण्यास येणारा व्यापारी आऱ्यांवरील धूळ आणि झीज पाहून भाव वाढवितो, खुंटा जमिनीतच राहू देतो, आणि हॉटेलच्या दारी ते उभे करून भिंतीला टांगता येईल अशी लोखंडी कडी तुंब्यात ठोकतो.