बर्लिनची भिंत आणि आपलं मागचं गेट

'काका, तुम्ही जुने सेक्रेटरी, स्मरणिकेत तुमचा लेख हवाच,' असं कमिटीतल्या मुलांनी बजावलं. (मुलं म्हणजे पन्नाशीची, पण मला ती मुलंच.) सोसायटीचा इतिहास लिहावा म्हणून जुनी इतिवृत्तं काढून बसलो. त्यातल्या एका ठरावावर नजर अडली आणि मन एकदम बर्लिनला जाऊन पोचलं. तेव्हा आधी बर्लिनचा इतिहास सांगतो, मग घरी येतो.

२०१८ साली सौ. आणि मी लेकीकडे जर्मनीला गेलो होतो. त्यात चार दिवस बर्लिन पाहिलं. तिथल्या भिंतीबद्दल नोकरीत असताना पेपरात पुष्कळ वाचलं होतं. पण प्रत्यक्ष जागेवर उभं राहिलं की वाचलेलं वेगळं कळतं.

१९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं आणि हरलेल्या जर्मनीचे चार वाटे झाले: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया. बर्लिन शहर रशियाच्या वाट्यात, पण राजधानी म्हणून त्याचेही चार तुकडे केले. आम्हा बँकवाल्यांच्या लक्षात राहील अशी गोष्ट म्हणजे, या शहरात विटांच्या आधी नोटांची भिंत उभी राहिली. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या तिघांनी आपल्या भागात डॉइश मार्क हे नवं चलन आणलं. रशियाने आपल्या भागात वेगळं चलन काढलं आणि पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. मे १९४९ पर्यंत त्या शहराला पीठ आणि कोळसासुद्धा विमानाने पुरवावा लागला. त्याच वर्षी एका जर्मनीचे दोन देश झाले.

तरीही शहरात ये-जा चालू होती. पूर्वेला राहणारी हजारो माणसं रोज पश्चिमेला कामाला जात. काही जण संध्याकाळी परतच येत नसत. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोकांनी पूर्व जर्मनी सोडली. त्यात तरुण आणि शिकलेले, डॉक्टर, इंजिनियर पुष्कळ. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेवीदार रांग लावून ठेवी काढून नेत होते. अशा वेळी शहाणा मॅनेजर विचारतो की आपलं काय चुकतंय. तिथल्या सरकारने शटर ओढायचं ठरवलं.

गंमत बघा. १५ जून १९६१ रोजी पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उलब्रिश्ट पत्रकार परिषदेत म्हणाले की भिंत बांधायचा कुणाचाही विचार नाही. पत्रकाराच्या प्रश्नात भिंत हा शब्दच नव्हता! पुढे दोन महिन्यांत, १२ ऑगस्टच्या शनिवारी मध्यरात्रीनंतर, शहर झोपेत असताना काटेरी तारा पसरल्या गेल्या. रविवारी सकाळी लोक उठले तेव्हा बहिणीचं घर, कामाची जागा, रोजचं स्टेशन परदेशात गेलेलं होतं. काही दिवसांत तारांच्या जागी भिंत आली.

बर्नाउअर स्ट्रासे नावाच्या रस्त्यावर लेक आम्हाला घेऊन गेली. इथे एका बाजूच्या इमारती पूर्वेत आणि त्यांच्यापुढचा फूटपाथ पश्चिमेत होता. म्हणजे घराचं पुढचं दार दुसऱ्या देशात उघडायचं. आधी दारं बंद झाली. मग लोक खिडक्यांतून उड्या मारू लागले आणि खाली पश्चिमेचे अग्निशामक दलाचे जवान चादर ताणून उभे राहू लागले. २२ ऑगस्टला ५८ वर्षांच्या इडा सीकमन यांनी वरच्या मजल्यावरून आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि उडी घेतली. त्या वाचल्या नाहीत. पुढे खिडक्याही विटांनी बुजवल्या. पुढच्या वर्षी, १७ ऑगस्ट १९६२ रोजी, पीटर फेश्टर नावाचा १८ वर्षांचा मुलगा भिंत चढताना गोळी लागून पूर्वेच्या बाजूला पडला. जवळजवळ तासभर तो मदतीसाठी ओरडत होता. दोन्हीकडे माणसं होती, पण वेळेवर कुणी गेलं नाही.

वर्षांगणिक भिंत पक्की होत गेली. ३.६ मीटर, म्हणजे जवळपास बारा फूट उंच काँक्रीटचे तुकडे, आत आणखी एक भिंत, मध्ये वाळूचा मोकळा पट्टा, दिवे, कुत्रे, टेहळणीचे मनोरे. पश्चिम बर्लिनभोवती एकूण १५५ किलोमीटर, त्यातली ४३ किलोमीटर थेट शहरामधून. किमान १४० माणसं या भिंतीपायी जिवाला मुकली. सरकारी कागदावर तिचं नाव होतं 'फॅसिस्टविरोधी संरक्षक तट'. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी म्हणे. पण सगळा बंदोबस्त आतल्या माणसांवर रोखलेला. भिंत घालणाऱ्याला सुरक्षिततेचं कारण कायम हाताशी सापडतं.

९ नोव्हेंबर १९८९ ला हे सगळं कोसळलं, तेही एका गोंधळातून. पूर्व जर्मनीचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचले. कधीपासून, असं विचारल्यावर कागद चाळत ते म्हणाले की आपल्या माहितीप्रमाणे लगेच. झालं! रात्री हजारो लोक नाक्यांवर जमले. वरून स्पष्ट हुकूम येईना, तेव्हा बोर्नहोल्मर स्ट्रासे नाक्यावरचे अधिकारी हाराल्ड येगर यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडलं. पुढचे दिवस पश्चिमेकडच्या बँकांसमोर रांगा होत्या, कारण येणाऱ्या प्रत्येकाला १०० मार्क स्वागताचे मिळत. शनिवार-रविवारीही बँका उघड्या ठेवल्या. त्या कॅशियर मंडळींची मला मनापासून दया येते!

भिंत पाडायला हातोडे पुरले. हिशेब मात्र अवघड होता. १ जुलै १९९० ला पूर्वेचं चलन बदलून दिलं गेलं. पगार एकास एक, बचत ठरावीक मर्यादेपर्यंत एकास एक, त्यावर दोनास एक. पण २८ वर्षांचा दुरावा बदलून देणारी खिडकी कुठल्याच बँकेत नव्हती.

बर्नाउअर स्ट्रासेवर भिंतींच्या मधल्या पट्ट्यात एक चर्च अडकलं होतं. जानेवारी १९८५ मध्ये सरकारने ते सुरुंगाने उडवलं. आज त्या जागी मातीच्या भिंतींचं छोटं प्रार्थनाघर आहे आणि त्या मातीत जुन्या चर्चचाच चुरा कालवला आहे. सौ.नी सवयीने बाहेर चपला काढल्या. आत बराच वेळ आम्ही कुणी बोललो नाही.

आता घरी येतो. माझी नजर अडली तो ठराव २००९ सालचा. आपल्या मागच्या कंपाउंडमध्ये चाळीकडे जाणारं छोटं गेट होतं, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. लागोपाठ दोन सायकली चोरीला गेल्या आणि 'सुरक्षिततेच्या कारणास्तव गेट कायमचे बंद करावे' हा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. अक्षर माझं, सही माझी. दोन दिवसांत विटा लागल्या. त्यानंतरही सायकली गेल्याच, पुढच्या गेटने.

त्या गेटने रोज संध्याकाळी माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला एक गृहस्थ येत. आमच्याच बँकेतून निवृत्त झालेले हेड कॅशियर, चाळीत राहायचे. गेट बंद झाल्यावर मुख्य रस्त्याने वळसा घालून दहा-बारा मिनिटं चालायचं, त्यात त्यांचे गुडघे दुखरे. काही दिवस आले, मग कमी झाले, मग थांबले. माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. मीही गेलो नाही. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मला कळलं तेराव्यानंतर, भाजीवाल्याकडून. आमच्या दोन घरांमध्ये सात फुटांची भिंत, एवढंच अंतर.

बर्लिनशी आपली तुलना होत नाही, हे मला कळतं. आपल्या भिंतीवर कुणी गोळ्या झाडल्या नाहीत. भिंतीला वळसा घालायला मला कुणी अडवलंही नव्हतं. म्हणून तर जास्त लागतं.

कमिटीला एक विनंती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मागच्या गेटचा विषय पत्रिकेवर घ्यावा. कुलूप असू दे, वॉचमन असू दे, रात्री दहाला बंद करू दे. बंद करण्याच्या ठरावावर सही माझी होती. उघडण्याच्या अर्जावर पहिली सही माझी घ्या.

सर्व सभासद आणि कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!