मेंढ्याची खातेवही

उज्जैनच्या जुन्या वाड्यांच्या, शिंदेशाहीच्या आठवणी आपण नेहमीच वाचतो. आज मी चक्क मेंढीबद्दल लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

1980 नंतरची गोष्ट. मी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. मेंढपाळांना कर्ज मिळायचं ते 20 मेंढ्या आणि 1 मेंढा यासाठी. जनावर धष्टपुष्ट दिसलं, विम्याचा बिल्ला कानात असला, पावती लागली, की माझी सही व्हायची. एकदा एका म्हाताऱ्या मेंढपाळाने विचारलं, "साहब, इसकी माँ ने कितने बच्चे दिए, ये भी लिखा है क्या?" सगळे हसले, मीही हसलो. पुढे बरीच खाती थकली. रोगराई, चाऱ्याची टंचाई अशी कारणं होतीच. पण त्या एका मेंढ्यावर अख्ख्या कळपाची पुढची पिढी अवलंबून होती आणि त्याच्याबद्दल आमच्या फायलीत एक ओळ नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं.

हा प्रश्न जुनाच आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगण्यात रॉबर्ट बेकवेल (1725–1795) नावाचा शेतकरी होता. तो आपले मेंढे विकायचा नाही, हंगामापुरते भाड्याने द्यायचा. वेगवेगळ्या कळपांत त्यांची कोकरं कशी निघतात ते पाहायचा आणि सरस ठरलेला मेंढा पुन्हा स्वतःच्या कळपात वापरायचा. म्हणजे मेंढ्याची पारख त्याच्या अंगावरून नाही, संततीवरून.

आपल्याकडे बहुधा उलटं होतं. जे नर कोकरू झपाट्याने वाढतं ते व्यापारी आधी उचलतो, नाहीतर बकरी ईदला त्याला चांगला भाव येतो. मागे राहतात ते हळू वाढणारे, आणि त्यांतलाच एखादा पुढे कळपाचा बाप होतो. बँकेच्या भाषेत, चांगल्या ठेवी मोडायच्या आणि बुडीत कर्जं सांभाळायची!

हे चक्र मोडायचं मोठं काम झालं ते फलटणला. मल्हारराव होळकर ज्या नीरेकाठच्या धनगर घरातून निघून आपल्या माळव्यात आले, त्याच मुलखातलं हे गाव. बी. व्ही. निंबकर यांनी 1968 साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. पुढे 2006 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर म्हणजे इरावती कर्व्यांची नात. त्यांनी ऑस्ट्रेलियात आर्मिडेलच्या विद्यापीठात पशुआनुवंशशास्त्रात डॉक्टरेट केली आणि मेंढ्यांचं काम पुढे नेलं.

अडचण साधी होती. धनगरांची दख्खनी मेंढी काटक, पण एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. लोकरीला भाव उरला नाही, मिळकत सगळी कोकरांवर. उलट बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी इवलीशी, जेमतेम दहा-पंधरा किलोची, पण तिला जुळी-तिळी सर्रास होतात. गंमत म्हणजे 1790 च्या दशकात बंगालच्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या बुरुला नावाच्या कळपात पुढे जुळ्या-तिळ्यांसाठी प्रसिद्ध झालेला जनुक बहुधा त्यांच्याकडूनच आला. 2001 मध्ये शास्त्रज्ञांना त्या जनुकातला नेमका बदल सापडला. अख्ख्या पोथीतलं एकच अक्षर बदललेलं!

याचं महत्त्व कशात? मेंढा काही स्वतः वीत नाही. त्याच्यात जुळ्यांचा गुण आहे की नाही, हे नुसतं पाहून कळणारच नाही. एक तर त्याच्या लेकी विण्याची वाट पाहायची, नाहीतर रक्त तपासायचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने फलटणकरांनी ही तपासणी कामाला लावली. गरोळचा दख्खनीशी संकर केला, मग पुन्हा पुन्हा दख्खनीशी, म्हणजे अंगपिंड दख्खनीचं राहील आणि तेवढा एक जनुक टिकेल. त्यातून 'नारी सुवर्णा' मेंढी तयार झाली. मेंढ्यात जनुकाच्या दोन प्रती असल्या तर प्रत्येक कोकराला एक मिळतेच. एकच असली तर निम्म्यांना. एक प्रत असलेली मेंढी साधारण दोन वेतांत तीन कोकरं देते.

पण मला सगळ्यात पटलं ते पुढचं. संस्था एवढ्यावर थांबली नाही. हे मेंढे धनगरांच्या कळपांत दिले आणि कोणती मेंढी कधी व्याली, किती कोकरं जगली, त्यांची वजनं किती, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. कारण जुळी झाली पण आईला दूध पुरलं नाही, तर धनगराच्या पदरात काय? जनुक सांगतो काय होऊ शकतं. वही सांगते प्रत्यक्षात काय झालं.

चाळीसेक वर्षं मी आकड्यांत घालवली. माणसाला पाच हजार द्यायचे तर मागची खाती तपासायचो आणि मेंढा मात्र नजरेने पास करायचो. त्या म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं, पण कोणता कॉलम राहिलाय ते त्याला बरोबर कळलं होतं. मी मात्र हसलो होतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी शेळ्या, मेंढ्या, गाई असतील तर एक वही घाला. आईचं नाव, बापाचं नाव, वेताची तारीख, वजन. दोन रुपयांच्या पेन्सिलीने सुरुवात होते.