विक्रोळीला उतरा, बाबा तिथेच भेटतील

१९५१ सालचा पावसाळा. बोरीबंदरहून सुटलेल्या लोकलमध्ये तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तुम्ही दांडीला धरून उभे आहात. या मार्गाला लोक अजून जीआयपी म्हणतात. मध्य रेल्वे हे नाव यायचंय नोव्हेंबरात. घाटकोपर मागे पडतं आणि उजव्या हाताला घरं विरळ होत जातात. मिठागरं, खारफुटी, त्यापलीकडे ठाण्याची खाडी. हा भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला त्याला जेमतेम वर्ष झालंय. विक्रोळीला उतरा आणि डबे घेतलेली माणसं जिकडे चाललीत तिकडे निघा.

त्या गर्दीत माझे बाबा आहेत. पायजमा, खाकी शर्ट, उजव्या अंगठ्याला कानशीने पडलेला घट्टा. अजून त्यांना बाबा म्हणणारं कुणी नाही. मी दोन वर्षांनी जन्मणार आहे. म्हणून तर तुम्हाला पाठवतेय. जे मी फक्त ऐकलं, ते तुम्ही बघून या.

गोदरेजची कुलपं १८९७पासून लालबागेत बनायची. विक्रोळीची ही जमीन त्यांनी १९४३मध्ये लिलावात घेतली. कारखान्यात शिरलात की आधी आवाज येईल, पत्र्यावर प्रेस पडल्याचा. मग तेलाचा आणि ओल्या रंगाचा वास. आणि मग दिसतील पेट्या. जमिनीपासून डोक्याच्या वर रचलेल्या, हिरवट रंगाच्या, लोखंडी. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक जवळ आलीय आणि मतपेट्या इथे बनतायत. एकट्या या कारखान्यातून १२ लाखांहून जास्त पेट्या जातील, कामाचा जोर असेल तेव्हा दिवसाला १५,००० पर्यंत. पेटीमागे किंमत सुमारे पाच रुपये.

पाच रुपयांत पेटी बसवायची तर बाहेरून वेगळं कुलूप लावणं परवडत नव्हतं. कितीतरी नमुने करून मोडले गेले. शेवटी कुलूप पेटीच्या आतच बसवायची युक्ती निघाली. ती सुचली नाथालाल पांचाळ नावाच्या कामगाराला, असं कारखान्यातले जुने लोक सांगत आले. कुठल्या मोठ्या साहेबाला सुचली नव्हती, हे मला फार मोलाचं वाटतं. बाबा त्यांचं नाव घेताना हातातलं काम बाजूला ठेवत.

आता बाबांकडे बघा. जेवणाची सुट्टी झालीय, पण डबा तसाच बंद आहे. ते एक पेटी उघडतायत, मिटतायत, खटका कसा बसतो ते कान लावून ऐकतायत. त्यांचं काम कडा घासून साफ करण्याचं; कुलपाशी त्यांचा संबंध नाही. तरी त्यांना कळायला हवं. बंद असलेली कुठलीही वस्तू त्यांना स्वस्थ बसू देत नसे. घरी आईचा स्टोव्ह, शेजाऱ्यांचं गजराचं घड्याळ, चाळीतल्या नळाचा वायसर, सगळं त्यांच्यासमोर जुन्या वर्तमानपत्रावर मांडलं जायचं, ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. आई चहा टाकायची आणि आलेल्या माणसाला तासभर बसावं लागायचं, कारण बाबा काय बिघडलं होतं ते समजावल्याशिवाय सोडत नसत.

जवळ जा. विचारा, एवढ्या पेट्या कशाला? चेहरा खुलेल. मतदार १७ कोटींच्या वर, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही. म्हणून दर उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र. बैलजोडी, झाड, हत्ती. आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा, संपलं. हे सांगता सांगता ते थांबतील आणि म्हणतील, "आमच्या आईला जमेल बघा हे."

आजी रत्नागिरीकडच्या गावात. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. बाबांनी दुपारभर बसून पत्र लिहिलं होतं: यादी करायला माणूस येईल, तेव्हा "अमक्याची आई" असं सांगू नकोस, तुझं नाव सांग. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं कुणी विचारत नाही, अशा घरातल्या बाईला मुलाने हे लिहावं! त्या निवडणुकीत देशभर सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं होतं. आजीचं नाव राहिलं. १९५२च्या जानेवारीत तिने मत दिलं आणि पुढे आयुष्यभर आल्यागेल्याला सांगत राहिली, की ती पेटी माझ्या मुलाने केलीय. लाखांतली ती नेमकी विक्रोळीची होती का, कोण सांगणार? बाबांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. बाकी सगळं दुरुस्त करणारा माणूस!

भोंगा होतोय, डबा अजून उघडलेला नाही. त्यांना सांगा, चार घास खाऊन घ्या. आईने सकाळी पाचला उठून केलंय, हेही सांगा; ते ऐकतील.

चार वर्षांनी, १९५५मध्ये, गोदरेजमध्येच भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार होईल. तेव्हा मी दोन वर्षांची असेन आणि बाबा रात्री जेवताना ताटाच्या कडेला भाताची शितं मांडून आईला दाखवत असतील, कुठली किल्ली दाबली की कुठला दांडा उचलतो ते. आईला टाइपरायटरचं काही पडलेलं नव्हतं, तरी ती शेवटच्या शितापर्यंत ऐकायची. घरातलं प्रेम मला तिथे दिसतं, कुठल्याही फोटोपेक्षा जास्त.

निघण्यापूर्वी माझं एक काम करा. आईच्या शिलाई मशीनमध्ये बाबांनी बॉबिनजवळ एक छोटा पितळी तुकडा बसवलाय. मशीन अजून चालतं. परवा दुरुस्तीवाल्याने ते उघडलं आणि म्हणाला, हा कंपनीचा पार्ट नाही, पण काढू नका. तो तुकडा त्यांनी कशातून कापला, आणि त्याला ती तिरकी खाच का दिली, एवढं विचारून या. वेळ हाताशी ठेवून विचारा. ते कागद मागतील आणि आकृती काढायला बसतील.