ही हाडं कुणाची?

आपल्या मराठीत हाडांना मोठा मान आहे. एखादा माणूस मनापासून शिकवत असेल तर आपण त्याला 'हाडाचा शिक्षक' म्हणतो. लेकरांसाठी 'हाडाची काडं' करणारी आई असते. कुणापुढे न वाकणारा माणूस 'ताठ कण्याचा' ठरतो. पण या हाडांची मोजदाद कुणी केली, आणि ती कुणाच्या हाडांवरून केली, हे आपण सहसा विचारत नाही. शाळेत '२०६' हे उत्तर पाठ केलं की विषय संपतो.

आता असं बघा. या २०६ पैकी १२६ हाडं हातापायांची, खांद्यांची आणि कमरेच्या पट्ट्याची. उरलेली ८० म्हणजे शरीराचा मधला खांब. कवटीत २२ हाडं. त्यातली ८ मेंदूभोवती आणि १४ चेहऱ्याची. त्यांच्यात हलतो तो फक्त खालचा जबडा, बाकीची एकमेकांत शिवल्यासारखी बसलेली. दोन्ही कानांतली मिळून ६ इवलीशी हाडं, आणि जिभेच्या मुळाशी १. कण्याचे मणके ३३. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५. त्याखालचे ५ जुळून एक होतात आणि शेवटचे ४ जुळून माकडहाड बनतं. म्हणून मोठ्या माणसात कण्याची हाडं भरतात २६. राहिल्या १२ जोड्या बरगड्या आणि मधली उरोस्थी, म्हणजे २५. वरच्या ७ जोड्या थेट उरोस्थीला जोडलेल्या, पुढच्या ३ वरच्या बरगडीच्या कुर्चेचा आधार घेणाऱ्या, आणि शेवटच्या २ पुढून मोकळ्या. हा पिंजरा श्वासागणिक उघडतो आणि मिटतो, म्हणून तर फुप्फुसात हवा येते.

हा हिशेब आज सोपा वाटतो. तो जुळायला मात्र शतकं लागली.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत हाडं ३०० सांगितली आहेत. हातापायांत १२०, धडात ११७ आणि मानेपासून वर ६३. चरकसंहितेत हाच आकडा ३६० आहे. हे ऐकून काही जण हसतात, पण हसण्यासारखं त्यात काही नाही. सुश्रुताने दात आणि कुर्चाही हाडांत धरल्या आहेत. चरकाने दातांबरोबर नखंही. बरगड्यांचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. चरकाच्या यादीत बरगड्या बरोबर २४ आहेत. त्यांच्या खोबणी २४ आणि उंचवटे २४ वेगळे मोजल्यामुळे बेरीज ७२ होते. म्हणजे पाहणं बारीक होतं, मोजण्याची रीत वेगळी होती. रुडॉल्फ हर्नले या आग्ऱ्याजवळ जन्मलेल्या जर्मन वंशाच्या अभ्यासकाने १९०७ साली प्राचीन भारतीय अस्थिशास्त्रावर सबंध ग्रंथ लिहून हे आकडे एकेक करून ताडून पाहिले.

सुश्रुतसंहिता प्रेत तपासण्याची पद्धतही सांगते. प्रेत सर्व अवयवांनी पूर्ण असावं. विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेल्याचं नसावं. ते मुंज गवतासारख्या कशात तरी गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात आडजागी सोडावं. ७ दिवसांनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. नुसतं ग्रंथ वाचून भागत नाही, प्रत्यक्ष पाहिलं पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. पुढे मात्र प्रेताला शिवण्याचा विटाळ वाढला, पाहणं थांबलं आणि पाठांतर उरलं.

युरोपातही हेच घडलं. दुसऱ्या शतकातला गेलन हा थोर वैद्य. पर्गमम गावात तो ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार करायचा. पण माणसाचं प्रेत फाडण्याची त्या काळी सोय नव्हती. त्याने माकडं आणि डुकरं फाडली आणि त्यावरून माणसाविषयी लिहिलं. खालचा जबडा दोन हाडांचा, उरोस्थी सात तुकड्यांची, असं त्याने सांगितलं आणि जग तेराशे वर्षं तेच शिकत राहिलं. पुढे विद्यापीठांत शवविच्छेदन सुरू झालं, तरी प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलन वाचायचा आणि खाली न्हावी सुरी चालवायचा. डोळ्यांना दिसणारं आणि कानांवर पडणारं जुळलं नाही, तर चूक डोळ्यांची ठरायची.

हे मोडलं आंद्रेआस वेसालियसने. १५१४ साली ब्रसेल्समध्ये जन्मलेला हा तरुण इटलीत पादुआला शिकवू लागला तो स्वतः हातात सुरी घेऊन. १५४३ साली बाझल शहरात त्याचा मानवी शरीराच्या रचनेवरचा ग्रंथ छापला गेला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. त्याचा पहिला भाग हाडांनाच वाहिलेला आहे. जबडा एकच आहे, उरोस्थी तीन भागांची आहे, हे त्याने दाखवलं. आदमची बरगडी काढून ईव्ह घडवली, म्हणून पुरुषाला एक बरगडी कमी असते असा लोकांचा समज होता. वेसालियसने सांगितलं, मोजून बघा, दोघांनाही सारख्याच आहेत. त्याचे पॅरिसचे गुरू सिल्व्हियस इतके चिडले की, गेलन चुकलेला नाही, त्याच्या काळानंतर माणसाचं शरीरच बदललं असावं, असं ते म्हणू लागले!

पण वेसालियसला हाडं मिळाली कुठून? विद्यार्थी असताना लुव्हेन गावाबाहेरच्या फाशीच्या खांबावरून त्याने एका गुन्हेगाराचा सापळा चोरून आणला होता. ही हकिगत त्याने स्वतःच नोंदवली आहे. ग्रंथ छापला गेला त्याच वर्षी बाझलमध्ये शिरच्छेद झालेल्या याकोब कारर नावाच्या गुन्हेगाराचा सापळा त्याने जोडून उभा केला. तो आजही तिथल्या संग्रहालयात आहे.

इथून पुढची गोष्ट ज्ञानाची आहे तितकीच गरिबीचीही आहे. वैद्यकीय शाळा वाढल्या, प्रेतं कमी पडू लागली. १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी शरीरशास्त्राच्या वर्गाला प्रेतं विकण्यासाठी १६ खून केले. त्यानंतर १८३२ साली ब्रिटनने कायदा केला आणि बेवारस प्रेतं वैद्यकीय शाळांना देण्याची वाट मोकळी केली. बेवारस कोण, तर अनाथाश्रमात आणि गरीबखान्यात मेलेला.

आपल्याकडे १८३५ साली कलकत्त्याला मेडिकल कॉलेज निघालं आणि १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी समाजाचा रोष पत्करून शवविच्छेदन केलं. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याच्या पहिल्या पदवीधरांत आपले डॉ. भाऊ दाजी होते. जुनी शिवण उसवली, ही मोठीच गोष्ट. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्यानेही बेवारस प्रेतांचीच सोय केली.

याच कलकत्त्यातून पुढे हाडांचा व्यापार वाढला. स्मशानांतून, दफनभूमींतून मिळवलेले सापळे साफ करून, तारांनी जोडून परदेशी जात. इंग्लंड-अमेरिकेतल्या किती तरी डॉक्टरांनी कवटी आणि कणा शिकला तो भारतातल्या गरिबांच्या हाडांवर. १९८५ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली. तरी चोरटा धंदा पुरता थांबला नाही. २००७ साली पश्चिम बंगालमध्ये पोलिसांनी हाडांचा साठा पकडला. परदेशातल्या काही विद्यापीठांना आता आपल्या कपाटातल्या सापळ्यांविषयी अवघड प्रश्न विचारले जात आहेत: ही माणसं कोण होती, आणि त्यांना कुणी विचारलं होतं का?

हा प्रश्न आपणही टाळू नये. डॉक्टर आपल्या पाठीवरून बोट फिरवून 'हा कमरेचा चौथा मणका' असं सांगतात, तेव्हा ते ज्ञान कुणाच्या तरी मणक्यावरून आलेलं असतं. वेसालियसच्या काळी तो फासावर गेलेल्याचा होता, नंतर बेवारसाचा. हो म्हणण्याची संधी त्यांच्यापैकी कुणालाही मिळाली नाही.

आपल्या पुराणात दधीची ऋषी आहेत. वज्र घडवण्यासाठी देवांनी त्यांच्याकडे अस्थी मागितल्या आणि त्यांनी त्या दिल्या. या कथेत मागणं आहे आणि देणंही आहे, म्हणून ती दानाची कथा आहे. २०१० साली जानेवारीत ज्योती बसूंचा देह कोलकात्यात वैद्यकीय शिक्षणासाठी दिला गेला. पुढच्याच महिन्यात नानाजी देशमुख गेले आणि त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचं अंतर. पण आपल्या देहाचं काय व्हावं हे दोघांनी जिवंतपणी, स्वतः ठरवलं होतं.

आज प्लास्टिकचे सापळे मिळतात, संगणकावर कणा फिरवून पाहता येतो. तरी खऱ्या देहाची गरज संपलेली नाही. देहदानाचा साधा अर्ज असतो. तो भरावा आणि घरच्यांना सांगून ठेवावा. कारण शेवटी देह सोपवायचा असतो तो त्यांनीच.