पाटील, पण कोणते?

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत 'ओ पाटील' म्हणून हाक मारून बघा, निम्मी गल्ली वळून पाहील. म्हणून आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला: "कोणते पाटील?" उत्तरात कधी गाव येतं, कधी जात (लेवा, मराठा, गुजर, राजपूत), तर लेवांमध्ये कधी मागचं आडनावही: भंगाळे, नारखेडे, फालक. आडनावांच्या अभ्यासात मला हेच उत्तर जास्त कामाचं वाटतं.

कारण 'पाटील' हे मुळात कुळाचं नाव नाही, हुद्दा आहे. परमारांच्या ताम्रपटांत तो 'पट्टकिल' म्हणून येतो. चौधरी, महाजन, देशमुख हीसुद्धा कामावरून पडलेली नावं. राज्य फारुकींचं असो, मोगलांचं असो की 1818 नंतर इंग्रजांचं, सारा गोळा करायला गावात पाटील लागायचाच. वतन एकाचं, पण आडनाव अख्ख्या भाऊबंदकीचं. 1962 च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली, आडनाव मात्र राहिलं.

लेवा मंडळी गुजरातेतून आली असं परंपरा सांगते. 'पाटील' या शब्दाकडून त्याला दुजोराही मिळत नाही आणि विरोधही नाही. बहिणाबाई असोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधऱ्यांची सून. दोन्ही आडनावं हुद्द्याची. पूर्वज कुठून आले याबद्दल दोन्ही गप्प.

त्यापेक्षा कुलदैवत, सोयरिकीची गावं, घरातली बोली लेवागणबोली की अहिराणी, हे विचारावं. आणि ते मागचं आडनाव. शाळेच्या दाखल्यावर कित्येकदा नुसतं 'पाटील' असतं. मागचं फक्त आजीला ठाऊक असतं. तिला आत्ताच विचारा, लिहून ठेवा.